झाड की जाळे? : एका जुन्या प्रस्तावाचे पुनर्वाचन

कार्यालयातले इंट्रानेट, म्हणजे एका संस्थेपुरते मर्यादित असलेले माहितीजाळे, उद्या कसे असेल? या प्रश्नासाठी आम्ही मुद्दाम एक जुना कागद वाचायला घेतला. जिनिव्हाजवळच्या सर्न या प्रयोगशाळेत टिम बर्नर्स-ली यांनी मार्च १९८९ मध्ये वरिष्ठांपुढे ठेवलेला हा प्रस्ताव. त्यातूनच पुढे वर्ल्ड वाइड वेब निर्माण झाले. पण कागद वाचताना जाणवते, की त्यातली अडचण एका संस्थेची, अगदी घरगुती आहे.

सर्नमध्ये हजारो माणसे काम करत. बरीचशी दोनेक वर्षांनी निघून जात आणि त्यांच्याबरोबर माहितीही जाई. हा अनुभव आपल्यालाही नवा नाही. प्रयोगशाळेतले कोणते उपकरण का बिघडते, हे ठाऊक असलेले सर निवृत्त झाले की नव्या शिक्षकाला सारे पहिल्यापासून शोधावे लागते.

प्रस्तावाचे खरे बळ त्याच्या निदानात आहे. माहिती आपण झाडासारखी रचतो : खोड, फांद्या, पाने. झाडाचे पान एकाच फांदीवर असते. माणसाचे काम मात्र एकाच वेळी अनेक ठिकाणी जोडलेले असते. म्हणून झाड नको, जाळे हवे. आणि त्यातले दुवे ज्याला गरज असेल त्याने जोडावेत, हे बर्नर्स-ली यांचे म्हणणे. त्यांचे वरिष्ठ माइक सेंडल यांनी त्यावर शेरा लिहिला : अस्पष्ट, पण उत्कंठावर्धक. आम्हांला वाटते, निदान मुळीच अस्पष्ट नव्हते.

उणिवा मात्र आहेत. सर्नमध्ये गुप्ततेपेक्षा देवाणघेवाण महत्त्वाची, असे गृहीत धरून सुरक्षिततेचा प्रश्न प्रस्तावाने दुय्यम ठरवला. संशोधनसंस्थेत ते चालले; पगारपत्रके आणि निविदा सांभाळणाऱ्या कार्यालयात कसे चालावे? दुसरे असे, की जाळे उपयुक्त ठरले की आपोआप वाढेल, हा विश्वास त्यात आहे. वाढलेल्या रानातले तण कोणी काढायचे, याचा विचार तोकडा आहे.

पुढे कार्यालयांनी तंत्र घेतले, विचार मागे ठेवला. विभागवार पाने लावून त्यांनी पुन्हा झाडच उभे केले. बर्नर्स-ली यांच्या १९९० च्या पहिल्या ब्राउझरमध्ये वाचता येई, तसेच लिहिताही येई; नंतर लोकप्रिय झालेल्या ब्राउझरांतून लिहिण्याची सोय गेली. कर्मचारी फक्त वाचक उरला. वॉर्ड कनिंगहॅम यांनी १९९५ मध्ये पहिले विकी सुरू करून वाचकाच्या हाती लेखणी परत दिली, पण बऱ्याच कार्यालयांत परिपत्रके वरूनच खाली येत राहिली.

आता इंट्रानेटवर पाने शोधण्याऐवजी यंत्राला साध्या भाषेत प्रश्न विचारता येतो. यंत्र शेकडो कागद चाळून उत्तर जुळवते. सोय मोठी आहे, पण यंत्र लिहिलेलेच वाचू शकते. जुने परिपत्रक काढून टाकले नसेल, तर रद्द झालेला नियमही ते ठामपणे सांगेल. उत्तराबरोबर मूळ कागदाचा दुवा नसेल, तर चूक पकडणार कशी? म्हणून उद्याच्या इंट्रानेटची कसोटी यंत्राच्या हुशारीपेक्षा तीन साध्या प्रश्नांवर लागेल, असे आमचे मत आहे : हे कोणी लिहिले, केव्हा तपासले, आणि चूक दिसली तर मला दुरुस्त करता येते का?

त्या प्रस्तावाच्या पहिल्याच पानावर वर्तुळे आणि बाणांची एक आकृती आहे. तशी आकृती आपल्या शाळेची काढून पाहा. माणसे, वस्तू, नोंदवह्या यांची वर्तुळे काढा; कोणाला काय ठाऊक आहे, ते बाणांनी दाखवा. ज्या वर्तुळाकडे एकाच माणसाचा बाण जातो, तिथली माहिती उद्या हरवणार आहे. ती आजच लिहून काढायला संगणकही लागत नाही.