स्मशानातील कुत्रा आणि राजवाड्यातील कुत्री : बालजातकांच्या पुस्तकांविषयी

जातककथा मुलांसाठी नव्याने सांगण्याच्या प्रघातास आता शतकाहून अधिक काळ लोटला आहे. फाउसबोल यांनी १८७७ पासून पाली जातकाची संपादित आवृत्ती प्रसिद्ध करण्यास आरंभ केला. पुढे कॉवेल यांच्या संपादकत्वाखाली १८९५ ते १९०७ या काळात इंग्रजी अनुवादाचे सहा खंड निघाले, आणि बालवाचकांसाठी कथा निवडणाऱ्या लेखकांना एक मोठे भांडारच खुले झाले. मराठी वाचकाला दुर्गा भागवत यांच्या 'सिद्धार्थ जातक' या सात खंडांमुळे हे भांडार आपल्या भाषेत उपलब्ध झाले, ही गोष्ट कृतज्ञतेने नमूद केली पाहिजे. तथापि मुलांच्या हाती जे पडते ते हे खंड नव्हेत. त्यांच्या हाती पडतात ती पातळ, रंगीत पुस्तके. त्या पुस्तकांत प्राणी उरतो, पण त्याची जागा हरवते, हा या लेखाचा मुख्य आक्षेप आहे.

अमर चित्रकथेने जातकांचे जे भाग काढले त्यांची नावेच पाहावीत : माकडांच्या कथा, कोल्ह्यांच्या कथा, हत्तींच्या कथा, हरणांच्या कथा, पक्ष्यांच्या कथा. ही विभागणी प्राण्यांच्या जातीनुसार झाली. मूळ जातकाचा आरंभ मात्र बहुधा स्थळाने आणि राज्याने होतो. वाराणसीत ब्रह्मदत्त राज्य करीत असता, हे त्याचे ठरलेले प्रवेशद्वार आहे. बालपुस्तकात त्याच्या ठिकाणी 'एका घनदाट जंगलात' असे येते. वाराणसी गेली की राजा जातो, राजा गेला की न्यायसभा जाते, आणि मागे उरतो एक गोजिरवाणा प्राणी व एक तात्पर्य.

प्राचीन शिल्पकारांनी ही चूक केली नाही. अलेक्झांडर कनिंगहॅम यांना १८७३ मध्ये सापडलेल्या आणि आज कोलकात्याच्या इंडियन म्युझियममध्ये असलेल्या भरहुतच्या वेदिकेवर जातकांची जी वर्तुळे कोरली आहेत, ती या दृष्टीने पुन्हा पाहण्यासारखी आहेत. तेथील रुरू मृगाच्या वर्तुळावर ब्राह्मी लिपीत 'मिगजातक' असे नाव आहे. एकाच वर्तुळात नदी आहे, बुडणाऱ्या माणसाला वाहून आणणारा मृग आहे, धनुष्य ताणलेला राजा आहे, आणि हात जोडलेला तोच राजाही आहे. सांचीच्या पश्चिम तोरणावरील महाकपी जातकात नदी खांबावरून खाली वाहते. वानरराज आपल्या देहाचा पूल करून पसरला आहे आणि खाली घोड्यावर राजा व त्याचे सैनिक आहेत. प्राणी कोठे आहे, आणि त्याच्यावर बाण रोखणारा कोठे आहे, हे एकाच दगडात सांगितले आहे. आजच्या चित्रकाराने यातून कोवळे माकड तेवढे उचलले तर शिल्पाचा अर्थच बाहेर राहतो.

याची सर्वांत मोठी किंमत कुक्कुर जातकाला (क्रमांक २२) मोजावी लागते. कथा अशी : राजाचा रथ रात्री अंगणात राहतो, पावसाने चामडे भिजते आणि वाड्याच्या वरच्या मजल्यावरून उतरलेली राजाची कुत्री ते चावून टाकतात. सकाळी सेवक राजाला सांगतात की बाहेरची कुत्री सांडपाण्याच्या मोरीतून आत शिरली. राजा आज्ञा देतो : दिसेल तो कुत्रा मारावा. स्मशानात शेकडो कुत्र्यांसह राहणारा बोधिसत्त्व विचार करतो की इतक्या पहाऱ्याच्या जागी बाहेरचा कुत्रा शिरणे शक्य नाही. तो एकटा न्यायसभेत जातो, सिंहासनाखाली बसतो आणि राजाला विचारतो : अपराधी कोण हे तुला ठाऊक आहे काय? सगळीच कुत्री मारली जात आहेत काय? राजा म्हणतो, माझ्या वाड्यातील कुत्री वगळून. तेव्हा बोधिसत्त्व त्याला सांगतो की हा पक्षपात आहे, न्याय करणारा तराजूच्या दांडीसारखा सम असला पाहिजे. मग ताकात दर्भ कालवून तो वाड्यातील कुत्र्यांना पाजावयास लावतो. कुत्री ओकतात आणि चामड्याचे तुकडे बाहेर पडतात.

या कथेत स्थळ हाच युक्तिवाद आहे. वाडा, मोरी, स्मशान आणि न्यायसभा ही चार ठिकाणे काढली तर कथाच उरत नाही. ज्यांच्या पूर्वजांना गावकुसाबाहेर ठेवले गेले त्या वाचकाला हे समजावून सांगण्याची गरज नाही. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळ व श्वपच यांचे वास्तव्य गावाबाहेर आणि त्यांचे धन म्हणजे कुत्री व गाढवे, असे विधान आहे. तो ग्रंथ २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला जाळण्यात आला. बाहेर राहणारा तोच अपराधी, हा राजसेवकांचा तर्क त्याच घराण्यातील आहे.

अनुवादाचा प्रश्नही येथेच उभा राहतो. वाड्यातील कुत्र्यांसाठी पाली गाथेत 'कोलेय्यक' हा शब्द आहे. त्यात कुल आहे. चाल्मर्स यांनी १८९५ च्या इंग्रजी अनुवादात त्याचे 'थरोब्रेड' केले. मराठीत 'पाळीव' म्हटले की शब्दाचा दात पडतो. 'कुलीन' किंवा 'जातिवंत' म्हटले तर मूल आपोआप विचारील की मग चामडे कुलीनांनीच खाल्ले काय? त्याच गाथेत 'वण्ण' हा शब्दही आहे. पण तेथे त्याचा अर्थ रूप, कांती एवढाच आहे. त्यातून वर्णव्यवस्था काढण्याचा मोह आपल्या काही अभ्यासकांनी आवरावा. कथेला उसन्या बळाची गरज नाही. राजाच्या आज्ञेला गाथा 'दुब्बलघातिका', म्हणजे दुर्बळांची हत्या म्हणते, ते पुरेसे आहे.

एक अडचण मात्र झाकून चालणार नाही. बोधिसत्त्व कुत्र्याच्या योनीत जन्मला तो पूर्वकर्मामुळे, असे कथेचे गद्य आरंभीच म्हणते. पूर्वकर्माने हीन जन्म मिळतो, ही कल्पना बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात नाकारली आहे. तेव्हा हे वाक्य मुलांसमोर जसेच्या तसे ठेवू नये, असे माझे मत आहे. पण ते गाळून कथा मात्र ठेवावी. कारण न्यायसभेत बोधिसत्त्व कोणाच्या जन्माचा आधार घेत नाही, तो पुरावा मागतो आणि पुरावा काढून दाखवतो.

नूर इनायत खान यांनी आपल्या १९३९ च्या 'ट्वेंटी जातक टेल्स'मध्ये वीसच कथा घेतल्या, आणि त्यांत ही एक निवडली. पाचच वर्षांनी, १९४४ मध्ये, डाखाऊच्या छळछावणीत नाझींनी त्यांना ठार केले. संपूर्ण समूहाला अपराधी ठरविणारी सत्ता कशी असते हे ज्यांनी पाहिले, त्यांच्या पुस्तकात ही कथा आहे. आमच्याकडील बालजातकांच्या संकलकांनी मात्र ससा, कासव आणि बोलघेवडे पक्षी यांनाच पुन्हा पुन्हा पसंती द्यावी, हे खेदजनक आहे.

नवे मराठी संकलन कोणी हाती घेतलेच, तर त्यात सुनख जातक (क्रमांक २४२) ही घ्यावे. त्यात विकला गेलेला कुत्रा चामड्याची दोरी लगेच चावत नाही, लोक झोपेपर्यंत थांबतो, आणि मग तोडून आपल्या जुन्या घरी निघून जातो. चित्रकाराला एवढेच सांगावे की कुत्रा गोंडस काढू नका. त्याच्या गळ्यातील दोरी काढा, निजलेली माणसे काढा, आणि कुक्कुर जातकात मोरी काढण्यास विसरू नका.