अनुभवाची उसनवारी

धर्मग्रामाच्या सणाला, युवक मंडळाच्या वार्षिकोत्सवाला किंवा नाताळच्या सुट्टीत आपल्याकडे जी छोटी नाटके होतात, त्यांत पुष्कळदा भूमिका लिहिणारा आणि ती वठवणारा एकच असतो. त्याला आपण सारे एकच उपदेश करतो : अनुभवातून लिही, डोळ्यांसमोरची माणसे घे. उपदेश खोटा नाही. पण तो अर्धा आहे. उरलेला अर्धा आम्हांला फार उशिरा आणि बऱ्याच मनस्तापानंतर उमगला. मराठी एकपात्री रंगभूमीवरील काही प्रयोगांच्या आधारे तो येथे मांडावा, असे योजिले आहे. एकपात्रीच का, असे कोणी विचारील. एकपात्रीत नेपथ्याचा, वेशभूषेचा किंवा सहकलाकारांचा आडोसा जवळजवळ नसतो; नटाने माणूस कोठून आणला आणि आणून त्याचे काय केले, हे तेथे लपवता येत नाही.

आरंभ अर्थातच पु. ल. देशपांडे यांच्यापासून करावा लागतो. 'बटाट्याची चाळ' १९५८ मध्ये पुस्तकरूपाने आली आणि १९६१ मध्ये ती त्यांनी एकट्याने रंगमंचावर उभी केली. चाळीतल्या मंडळींची त्यांनी मनसोक्त थट्टा केली, हे खरे. परंतु त्या थट्टेची पहिली चपराक कोणावर बसते, ते पाहण्यासारखे आहे. 'उपास'मध्ये वजन उतरवण्याचा संकल्प सोडणारा आणि खाण्याच्या विचाराने व्याकूळ होणारा गृहस्थ म्हणजे स्वतः निवेदकच. दुसऱ्याकडे बोट दाखवण्यापूर्वी त्याने स्वतःला हास्यास्पद करून घेतले आहे, आणि म्हणून प्रेक्षकाला त्याच्याबरोबर हसताना अपराधी वाटत नाही. अखेरच्या चिंतनात तर हसू मावळते आणि एकत्र राहण्याची एक रीत संपत चालल्याची हुरहुर तेवढी उरते.

याच लेखकाने व्यक्तिचित्रांची दोन निरनिराळी दालने ठेवली, हेही लक्षात घेण्याजोगे आहे. १९६२ च्या 'व्यक्ती आणि वल्ली'त अंतू बर्वा, नारायण, चितळे मास्तर ही रचलेली माणसे आहेत. १९६६ च्या 'गणगोता'त आजोबा 'ऋग्वेदी', रावसाहेब असे प्रत्यक्षातले आप्तस्नेही आहेत. पहिल्या दालनात कल्पनेला मोकळीक आहे. तेथे दहा माणसांच्या लकबी एका देहात नांदू शकतात. दुसऱ्यात लेखक नात्याने बांधलेला आहे. आपल्या हौशी नाटककारांची गफलत बहुतेक वेळा येथेच होते. ते मोकळीक पहिल्या दालनातली घेतात आणि माणूस मात्र दुसऱ्यातला उचलतात.

प्रा. लक्ष्मण देशपांडे यांचे 'वऱ्हाड निघालंय लंडनला' हा दुसरा दाखला. मराठवाड्यातल्या खेड्यातले वऱ्हाड लग्नासाठी विमानाने विलायतेला निघते, आणि त्यातली बावन्न माणसे एकच नट उभी करतो. हा लोकव्यवहार देशपांडे यांच्या अंगवळणी पडलेला होता : लग्नघरातली रुसवेफुगवे काढण्याची रीत, मोठ्यांदा बोलून भीती झाकण्याची सवय, बोलीतले हेलकावे. तरीही हे वऱ्हाड कोण्या एका गावचे किंवा एका घराण्याचे वाटत नाही. देशपांडे २००९ मध्ये निवर्तले. पुढे संदीप पाठक यांनी तोच प्रयोग केला, आणि वऱ्हाड पुन्हा निघाले. एका माणसाच्या अनुभवातून घडलेली भूमिका दुसऱ्याच्या देहात जगू शकली, याचा अर्थ ती निव्वळ नक्कल नव्हती. नक्कल नकलाकाराबरोबर संपते. भूमिका मागे उरते.

आणि जेथे माणूस डोळ्यांसमोर नाहीच, तेथे काय करावे? सुषमा देशपांडे यांनी १९८९ पासून 'व्हय, मी सावित्रीबाई' हा स्वतः लिहिलेला प्रयोग सादर केला. एकोणिसाव्या शतकातली सावित्रीबाई फुले कोणी पाहिलेली नाही. चरित्रातून मिळतात ते प्रसंग : शाळेत जाताना अंगावर शेणचिखल झेलणे, जवळ दुसरे लुगडे बाळगणे. पण शेण अंगावर पडल्यानंतर पुढचे पाऊल कसे उचलले गेले असेल, हे कोणत्याही चरित्रात सापडत नाही. ते अभिनेत्रीला आपल्याच आयुष्यात धुंडाळावे लागते. लोकांच्या नजरा चुकवत, किंवा न चुकवता, उंबरठा ओलांडल्याचा एखादा क्षण प्रत्येक स्त्रीच्या गाठीशी असतोच. बाहेरचे तपशील इतिहासाने पुरवले, आतली धग स्वतःची घातली. अनुभव वापरण्याची ही रीत आम्हांला सर्वांत उंचीची वाटते.

आता आमची गोष्ट. पंचवीसएक वर्षांपूर्वी सणाच्या कार्यक्रमासाठी आम्ही एका मद्यपी बापाची भूमिका लिहिली आणि स्वतःच केली. वाडीतले एक गृहस्थ आमच्या नजरेसमोर होते. खांद्यावर टॉवेल टाकण्याची त्यांची ढब, दर वाक्यामागे येणारा त्यांचा ठरलेला शब्द, रात्री फाटकाशी घातलेली हुज्जत, सारे जसेच्या तसे उचलले. मंडपात हशा उसळला. तिसऱ्या रांगेतून त्यांची मुलगी उठली, तिने आईचा हात धरला आणि दोघी अंधारात निघून गेल्या. आम्ही रंगमंचावरून ते पाहिले आणि तरीही पुढचे वाक्य म्हटले. कारण टाळ्या येणार, हे ठाऊक होते. त्या मुलीची क्षमा मागण्याचे धैर्य आम्हांला पुढली दोन वर्षे झाले नाही.

नंतर ती भूमिका आम्ही नव्याने लिहिली. टॉवेल गेला, शब्द गेला, फाटक गेले. त्या जागी आमच्याजवळ जे खरोखर आमचे होते ते आले. एकदा नोकरी सुटल्यावर सात महिने आम्ही डबा घेऊन घराबाहेर पडत होतो आणि संध्याकाळी कामावरून आल्याचे सोंग करत होतो. घराची कडी वाजवण्यापूर्वी दाराशी क्षणभर थांबण्याची ती लाज आम्ही त्या बापाला दिली. या खेपेस हशा कमी झाला. प्रयोगानंतर तिघे जण निरनिराळे गाठून विचारू लागले, "हा माणूस तुम्ही माझ्यावरून तर घेतला नाहीत ना?" तिघांपैकी एकही जण दारूला शिवत नव्हता.

अभिनयशास्त्रात हा वाद जुना आहे. फ्रेंच विचारवंत दिदेरो याचा नटाविषयीचा निबंध त्याच्या मृत्यूनंतर १८३० मध्ये प्रसिद्ध झाला. थोर नट स्वतः थंड राहून प्रेक्षकाला पेटवतो, असा त्याचा पक्ष. उलट रशियन दिग्दर्शक स्तानिस्लाव्हस्की याने भावस्मृतीला महत्त्व दिले : नटाने स्वतःच्या गतायुष्यातली भावना जागवून भूमिकेला पुरवावी. पण १९३४ मध्ये पॅरिसला अमेरिकन अभिनेत्री स्टेला अ‍ॅडलर त्याला भेटली, तेव्हा त्याचा भर भूमिकेच्या परिस्थितीवर आणि कल्पनाशक्तीवर आलेला तिला आढळला. जखम पुनःपुन्हा उकरणे म्हणजे अभिनय नव्हे, हे त्या आचार्यालाही उमगले असावे. स्मृती हे बी आहे. ते मातीआड गेल्यावाचून रुजत नाही.

तेव्हा उपदेशाचा उरलेला अर्धा असा : लकब, बोली, पोशाख हे बाहेरचे सारे दहा ठिकाणांहून गोळा करावे, म्हणजे ते कोणा एकाचे उरत नाही, दुःख, भय, लाज हे आतले मात्र स्वतःच्या पदरचे घालावे. आम्ही प्रथम नेमके उलटे केले होते. दुःख शेजाऱ्याचे वापरले आणि टाळ्या स्वतःकडे ठेवल्या.

यावर कोणी म्हणेल, मग समाजातल्या दांभिकांवर, गावगुंडांवर बोट ठेवायचेच नाही काय? अवश्य ठेवावे. बलवंताची थट्टा आणि दुबळ्याची थट्टा एकाच तराजूत तोलता येत नाही. पहिलीत धोका लेखकाला असतो, दुसरीत त्या बिचाऱ्या माणसाला. यंदाच्या सणासाठी जी तरुण मंडळी लिहायला बसली असतील, त्यांनी एवढेच करावे. ज्याच्यावरून भूमिका सुचली, तो माणूस आणि त्याची मुलेबाळे तिसऱ्या रांगेत बसली आहेत असे मानून संहिता एकदा मोठ्याने वाचावी. जेथे आवाज अडखळेल, तेथे पुन्हा लिहायला बसावे.