संख्या आणि नाव : पूर्वज सैनिकांच्या शोधातील साधनांची चिकित्सा

आपला पणजा पहिल्या महायुद्धात बसऱ्याला गेला आणि परतला नाही, एवढीच कुटुंबस्मृती घेऊन साताऱ्याचा वा रत्नागिरीचा विद्यार्थी दप्तरांकडे वळतो. लंडनच्या ब्रिटिश ग्रंथालयातील इंडिया ऑफिसचे लष्करी दप्तर अफाट आहे खरे. परंतु तेथील व्यक्तिगत सेवापत्रके मुख्यतः यूरोपीयांची आहेत. हिंदी शिपायाचा शीट-रोल पलटणीकडेच राही. तेव्हा लंडनला नाव सापडले नाही, यावरून कुटुंबस्मृती खोटी ठरविणे हा साधनाचे स्वरूप न ओळखल्याचा दोष होय.

ह्या दृष्टीने १९२९ साली अनावरण झालेले बसऱ्याचे स्मारक बारकाईने पाहण्याजोगे आहे. मेसोपोटेमियाच्या मोहिमेतील चाळीस हजारांहून अधिक मृतांचे ते स्मारक. त्यावर ब्रिटिश शिपायाचे नाव आहे, हिंदी सुभेदार-जमादारांचेही आहे. मात्र हवालदारापासून खालच्या हिंदी सैनिकांची पलटणवार केवळ संख्या कोरलेली आहे. नावे मिळणे दुष्कर होते, असे समर्थन यावर करता येईल. पण ते आम्हांस टिकाऊ वाटत नाही. ज्या आयोगाने हे स्मारक उभारले, त्यानेच १९२७ साली फ्रान्समध्ये न्यव्ह शापेल येथे ४,७०० हून अधिक हिंदी मृतांची नावे कोरली, आणि त्यांत साधे शिपाईही आहेत. यूरोपात जे शक्य झाले, ते इराकात का होऊ नये? त्याच आयोगाच्या वारसदार संस्थेने २०२१ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात, किमान १,१६,००० मृतांची नावानिशी नोंद झाली नाही किंवा मुळीच नोंद झाली नाही, असे मान्य केले आहे. आणखी एक विसंगती अशी की, १८१८च्या लढाईच्या स्मरणार्थ उभारलेल्या कोरेगावच्या स्तंभावर एक शतक आधीच शिपायांची नावे कोरली गेली होती.

आपल्याकडील कित्येक गावांतील संगमरवरी शिलाही 'इतके गेले, इतके कामी आले' एवढेच सांगतात. शिला गावाचा अभिमान राखते. वंशजाच्या हाती मात्र काही देत नाही.

मग नाव कोठे शोधावे? आमच्या मते, सरकारला जेथे शिपायाला काही द्यावे लागले तेथे : पगार, निवृत्तिवेतन, विधवेचे वेतन, पदक. ही नोंद गौरवासाठी नव्हे, हिशेबासाठी झाली. म्हणूनच ती अधिक विश्वसनीय.

येथे दोन अडचणी संभवतात. पहिली पलटणीच्या नावाची. सहाव्या (पुणे) डिव्हिजनमधून कूतच्या वेढ्यात (१९१५-१६) सापडलेल्या १०३, ११० आणि ११७ ह्या मराठा पलटणी १९२२च्या पुनर्रचनेत पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या अनुक्रमे पहिली, तिसरी आणि पाचवी बटालियन झाल्या. त्यामुळे घरात 'पाचवी मराठा' म्हणतात ती रेजिमेंट की बटालियन, हे ठरविल्याविना पुढे जाऊ नये. याउलट १९१७ साली उभारलेली १११वी महार पलटण १९२१ साली मोडली गेली. १९४१ साली स्थापन झालेली महार रेजिमेंट हा तिचा अखंड प्रवाह नव्हे; हे न ओळखता तिच्या केंद्राकडे जुन्या नोंदी मागणारा रिक्त हस्ते परततो.

दुसरी अडचण व्यक्तिनामाची. कोरेगावच्या स्तंभावर 'नाक' ह्या प्रत्ययाने ओळखू येणाऱ्या घराण्यांतील पुढची पिढी आडनावाने वावरू लागली. इंग्रजी कारकुनाच्या कानाने लिहिलेले आडनाव तर कित्येकदा वाचूनही ओळखत नाही. म्हणून नाव जुळले एवढ्यावर न थांबता क्रमांक, पलटण, गाव आणि पित्याचे नाव यांपैकी निदान दोन गोष्टी जुळल्याखेरीज एकरूपता मान्य करू नये.

क्रमांक मिळण्याचे सर्वांत जवळचे ठिकाण बहुधा घरातच असते. महायुद्धाच्या पदकांच्या कडेवर क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण उमटविलेली असे. दोन प्रमुख पदकांपैकी चांदीचे कोणा सोनाराकडे मोडीत गेले असणे अगदी संभवनीय आहे. विजयपदक काशाचे, त्याला मोल नाही, म्हणून ते देव्हाऱ्यात वा पेटीच्या तळाशी राहून गेलेले असते. भिंगाने त्याची कड वाचावी.