फलागमानंतरची संहिता

कथनाचा विचार करणाऱ्या बहुतेक सिद्धान्तांनी शेवटाला झुकते माप दिले आहे. फ्रँक करमोडने 'द सेन्स ऑफ ॲन एंडिंग' (१९६७) या ग्रंथात घड्याळाच्या आवाजाचे साधे उदाहरण घेतले आहे. घड्याळ दोन्ही वेळा सारखाच आवाज करते; ऐकणारा मात्र पहिल्याला 'टिक' आणि दुसऱ्याला 'टॉक' म्हणतो, आणि त्या दोहोंमधल्या रिकाम्या काळाला आरंभ-अंताचा आकार देतो. 'दशरूपका'त कार्याच्या पाच अवस्था सांगितल्या आहेत : आरंभ, यत्न, प्राप्त्याशा, नियताप्ति आणि फलागम. येथेही पहिल्या चारांना अर्थ लाभतो तो पाचवीमुळेच. फलागम झाला की नाटक संपते. नायकाने दुसऱ्या दिवशी सकाळी उठून काय केले, हा प्रश्न शास्त्राला पडत नाही.

तो प्रश्न ज्याला रोज पडतो असा एक वर्ग संगणकजालावरील भूमिका-खेळांनी निर्माण केला आहे. या वर्गाला वाचक म्हणावे की नाही, हा वाद येथे बाजूला ठेवता येईल. कारण संहितेशी त्याचे जे नाते जडते ते वाचकाच्या नात्याहून कमी चिवट नाही. ब्लिझर्ड कंपनीचा 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' नोव्हेंबर २००४ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा त्यात साठ पातळ्या होत्या. खेळाडू एक पात्र निवडतो. त्याला नाव, वंश आणि वृत्ती देतो. कामगिऱ्या पार पाडत, राक्षस-श्वापदे मारत, प्रदेशामागून प्रदेश ओलांडत ते पात्र एकेक पातळी चढते. हा प्रवास कित्येक आठवड्यांचा, अनेकांच्या बाबतीत कित्येक महिन्यांचा असे. साठावी पातळी गाठली की अनुभवगुणांची पट्टी दिसेनाशी होते. प्रत्येक कृतीला जी दिशा होती तीच नाहीशी होते. तरीही, किंबहुना म्हणूनच, खेळाडूंमध्ये एक वचन रूढ झाले, की खेळ खरा सुरू होतो तो शेवटच्या पातळीनंतर.

या वचनातला विरोधाभास वरवरचा नाही. ते खरे मानायचे तर मग आधीचे सगळे काय होते? प्रस्तावना? उमेदवारी? आणि ते खोटे मानायचे तर फलागमानंतरही वर्षानुवर्षे तेथे थांबणारे लोक नेमके कशात गुंतलेले असतात?

या खेळप्रकाराच्या आद्य नमुन्यात याचे उत्तर निराळे होते. इंग्लंडमधील एसेक्स विद्यापीठात १९७८ मध्ये रॉय ट्रबशॉ आणि रिचर्ड बार्टल यांनी 'मड' हा केवळ शब्दांनी खेळायचा खेळ रचला. त्यातही पायऱ्या होत्या. पण अखेरच्या पायरीवर पोचलेला खेळाडू 'विझर्ड' होई आणि त्याचे खेळाशी असलेले नातेच पालटे. सामान्य खेळाडूंना तेथे 'मर्त्य' म्हणत. विझर्ड मर्त्यांच्या जगात अदृश्यपणे वावरू शके, वस्तू हलवू शके, कोणाला साहाय्य करी, कोणाची खोडी काढी. म्हणजे संहितेचा वाचक तिच्या कर्त्याच्या पंगतीला जाऊन बसे. रोलाँ बार्थने 'एस/झेड' (१९७०) मध्ये लिहिता येण्याजोगी संहिता कल्पिली होती. तिचे इतके शब्दशः रूप शोधूनही सापडणे कठीण. फलागम येथे खरोखर फलागम होता, कारण त्यानंतर पात्राची स्थिती बदलत असे. नुसती त्याची संपत्ती वाढत नसे.

'वॉरक्राफ्ट'ने हा दरवाजा बंद ठेवला. कारण सरळ आहे. जेथे ऑक्टोबर २०१० पर्यंत वर्गणीदारांची संख्या एक कोटी वीस लाखांवर गेली, तेथे सर्वांना कर्ता करून चालत नाही. आणि जेथे अमेरिकेतला खेळाडू दरमहा सुमारे पंधरा डॉलर मोजतो, तेथे संहितेचा शेवट हा उत्पन्नाचाही शेवट असतो. शेवट टाळणे ही या प्रकाराची रूपगत गरज आहे आणि व्यापारी गरजही आहे. या दोन गरजा इतक्या एकजीव झाल्या आहेत की एकीची चर्चा दुसरीला वगळून करणे अप्रामाणिक ठरेल.

मग दरवाजा बंद झालेल्या खोलीत काय ठेवले गेले? प्रथम ठेवली गेली ती मोहीम, खेळाडूंच्या भाषेत 'रेड'. 'मोल्टन कोअर' या ज्वालामुखीच्या पोटातल्या स्थळी चाळीस खेळाडूंनी एकत्र जायचे, दहा बलाढ्य शत्रूंशी एकामागून एक लढायचे आणि अखेर रॅग्नारोस या अग्निदैत्याला मारायचे. चाळीस जणांच्या श्रमाचे फळ म्हणून मोजकी शस्त्रे-चिलखते हाती येत; ती कोणाला द्यायची यासाठी अनेक गिल्डांनी हजेरी आणि कामगिरी यांवर गुण देणारे हिशेब ठेवले. रोजंदारीच्या हजेरीपटाशी असलेले त्यांचे साम्य खेळाडूंच्याही नजरेतून सुटले नव्हते. आणि आठवडा संपला की—अमेरिकेतील सर्व्हरवर मंगळवारी—रॅग्नारोस पुन्हा जिवंत. त्याच जागी, त्याच वल्गना करीत.

उम्बेर्तो एकोने १९६२ मधील सुपरमॅनविषयीच्या निबंधात दाखवले होते, की ज्या नायकाला झिजू द्यायचे नसते त्याच्या कथेतला काळ धूसर ठेवावा लागतो. कालचे साहस आणि आजचे साहस यांत आधी-नंतर उरू नये अशी व्यवस्था करावी लागते. येथे तीच व्यवस्था खलनायकाच्या वाट्याला आली आहे. परंतु एक फरक निर्णायक आहे. सुपरमॅनच्या वाचकाला विसरण्याची मुभा असते. रॅग्नारोसला अकराव्यांदा मारणाऱ्या खेळाडूला दहा वेळा मारल्याची पक्की स्मृती असते, आणि त्या स्मृतीवाचून तो अकराव्यांदा मारूच शकत नाही. धूसरता कथेत आहे, कर्त्याच्या हातांत नाही.

येथे पुनरावृत्तीचे दोन प्रकार वेगळे काढावे लागतात. या खेळांवरील बरेच लेखन तसे करीत नाही. पहिला प्रकार तालमीचा. नवा शत्रू समोर येतो तेव्हा चाळीसच्या चाळीस जण मरतात. पुन्हा चालत येतात, पुन्हा मरतात. कोणी कोठे उभे राहायचे, कोणाची शुश्रूषा कोणी करायची, कोणत्या क्षणी सर्वांनी मागे सरायचे हे हळूहळू बसत जाते. तेराव्या वेळी केलेली कृती बाराव्या वेळेसारखी दिसते, पण ती तीच नसते. एकाच बंदिशीची रोज उजळणी करणाऱ्या गायकाला हे समजावून सांगावे लागणार नाही. येथे फळ निमित्तमात्र असते. दुसरा प्रकार सुरू होतो तो शत्रू प्रथम पडल्यावर आणि पुढे सहज पडू लागल्यावर. या स्थितीला खेळाडूंनी दिलेला शब्द आहे 'फार्म'. हे रूपक ज्याने प्रथम वापरले त्याने शेती केलेली नसावी. पाऊस, टोळधाड, बाजारभाव यांपैकी कशाचीही धास्ती नसलेले हे शेत दर मंगळवारी नेमाने पिकते, आणि त्याचा कंटाळा येतो तो नेमका त्याच कारणाने. गिल्ड मोडतात त्या हरताना कमी आणि असे पीक काढताना अधिक.

कंटाळ्यावरचा पुढचा इलाज अधिक सूक्ष्म होता. मे २००७ मध्ये 'दैनिक कामगिऱ्या' आल्या : रोज तीच छोटी कामे, रोज थोडे सोने, थोडी पत. प्रारंभी दिवसाला दहांची मर्यादा होती. २००८ मध्ये ती पंचवीस झाली आणि २०१२ मध्ये मर्यादाच काढून टाकण्यात आली. पूर्वमीमांसेच्या परंपरेने कर्माचे जे भेद केले आहेत ते येथे अनपेक्षितपणे उपयोगी पडतात. काम्य कर्म फळाच्या इच्छेने करायचे असते. नैमित्तिक कर्म निमित्त घडले की करायचे. नित्य कर्माचे तसे नाही. ते केल्याने विशेष काही मिळत नाही. न केल्याने मात्र प्रत्यवाय घडतो. साठाव्या पातळीपर्यंतचा सगळा खेळ काम्य आहे. ऋतूऋतूंचे जत्रा-उत्सव खेळात आहेतच, ते नैमित्तिक. दैनिक कामगिऱ्यांनी मात्र काम्याच्या वेषात नित्य कर्म आणले. पहिले काही दिवस खेळाडू फळासाठी ती कामे करतो. पुढे एक दिवस चुकला तर आपण मागे पडू, सोबत्यांच्या तुलनेत उणे ठरू, या भयाने करतो. सोळा सोमवारांच्या व्रताला सतराव्या सोमवारी उद्यापन असते. या व्रताला ते नाही.

बॉनी नार्डी यांनी 'माय लाइफ ॲज अ नाइट एल्फ प्रीस्ट' (२०१०) मध्ये जॉन ड्यूईच्या सौंदर्यविचाराचा आधार घेऊन हा खेळ खेळणे हा एक सौंदर्यानुभव असल्याचे मांडले. टी. एल. टेलर यांनी 'प्ले बिट्वीन वर्ल्ड्स' (२००६) मध्ये 'एव्हरक्वेस्ट'मधल्या हिशेबी, कष्टाळू खेळाडूंचा कैवार घेतला. बाहेरून जे काबाडकष्ट दिसतात त्यांत त्यांना आनंद असतो, हे त्यांचे म्हणणे. दोन्ही प्रतिपादने तालमीच्या प्रकाराला तंतोतंत लागू पडतात. अडचण येते ती नित्य कर्माशी. ड्यूईच्या अनुभवकल्पनेत अनुभव परिपूर्तीकडे जातो, तेथे पोचून थांबतो आणि म्हणूनच 'एक अनुभव' म्हणून वेगळा उठून दिसतो. ज्या रचनेने परिपूर्तीचा मार्गच रोखला आहे तिला ही संकल्पना सरसकट लावणे म्हणजे सौंदर्यशास्त्राकडून प्रशस्तिपत्र मिळवण्यासारखे आहे. जिल वॉकर रेटबर्ग यांनी २००८ मध्ये या खेळाच्या कामगिऱ्यांवर लिहिताना लांबणीवर टाकणे आणि पुनरावृत्ती या दोन लकबींवर बोट ठेवले, ते अधिक नेमके होते.

शिखरही स्थिर नाही. जानेवारी २००७ च्या विस्तारित आवृत्तीने कमाल पातळी सत्तर केली, आणि नव्या प्रदेशातल्या अगदी प्रारंभीच्या कामगिऱ्यांत मिळणारी किरकोळ वस्त्रेही अनेकांच्या महत्प्रयासाने मिळवलेल्या चिलखतांना मागे टाकू लागली. पुढे ऐंशी, पंच्याऐंशी, नव्वद असे करीत ही पातळी २०१८ मध्ये एकशेवीसवर गेली, आणि ऑक्टोबर २०२० मध्ये साऱ्या पातळ्या आक्रसून शिखरावरचे पात्र पन्नासाव्या पातळीचे ठरवण्यात आले. आकडा केवळ चिन्ह होता, हे कंपनीनेच अशा रीतीने जाहीर केले. 'रूनस्केप'मध्ये ही चिन्हता आणखी उघडी आहे. तेथे बहुतेक कौशल्यांची नव्व्याण्णवावी पातळी गाठायला एक कोटी तीस लाखांहून अधिक गुण लागतात, आणि ब्याण्णवाव्या पातळीवर खेळाडू त्या आकड्याच्या जेमतेम निम्म्यावर असतो. अनेक कौशल्यांत नव्व्याण्णवानंतर पातळी थांबते, मोजणी मात्र वीस कोटींपर्यंत चालूच राहते. तेथवर जाणारेही आहेत.

ऑगस्ट २०१९ मध्ये ब्लिझर्डने जुनी, साठ पातळ्यांची संहिता 'क्लासिक' या नावाने पुन्हा खुली केली. मोल्टन कोअर तेच होते, रॅग्नारोस तोच होता. पूर्वी ज्याला मारायला गिल्डांना महिने लागले होते तो पहिल्याच आठवड्यात पडला. बोर्हेसच्या प्येर मेनारने 'डॉन किहोटे'चे काही भाग शब्दशः पुन्हा लिहिले आणि ती वेगळी कृती ठरली; येथे संहिता जवळजवळ शब्दशः परत आली आणि वाचकाच्या पंधरा वर्षांच्या ज्ञानाने ती निकामी केली. शिकण्यासारखे काही उरले नव्हते. थोडक्यात, २००५ मध्ये जे आकर्षण होते ते त्या गुहेत नव्हतेच. ते चाळीस जणांच्या अज्ञानात होते.

याच 'क्लासिक'च्या आवारात खेळाडूंनी स्वतःहून एक नियम केला : पात्र एकदा मेले की मेले, ते पुसून टाकायचे. असा नियम करणाऱ्यांना कोणी बक्षीस देत नव्हते. नेहमीच्या खेळात मृत्यू ही किरकोळ गैरसोय असते; आत्मा स्मशानातून धावत शवापाशी येतो आणि पात्र पुन्हा उभे राहते. या नियमाने साधे रानडुक्कर भयंकर झाले. एकोणसाठाव्या पातळीवरचा निष्काळजीपणा शोकान्त झाला आणि साठावी पातळी गाठणे ही कित्येकांच्या लेखी खरीखुरी समाप्ती झाली. संहितेने नाकारलेले उद्यापन वाचकांनी परस्पर उरकून घेतले. शेवटाची भूक ही समीक्षकांनी छापील कादंबरीच्या सवयीतून लादलेली कल्पना आहे, असे म्हणणाऱ्यांना या घटनेचा विचार करावा लागेल.

ऑगस्ट २०२३ मध्ये कंपनीने या नियमाला मान्यता देऊन त्यासाठी स्वतंत्र सर्व्हर सुरू केले. मृत पात्राला तेथे पुनर्जन्म नाही. मात्र एक सोय ठेवली आहे : त्या पात्राला विनामूल्य साध्या 'क्लासिक' सर्व्हरवर हलवता येते. तेथे ते जिवंत होते, आणि मंगळवारची वाट पाहू लागते.