उन्मादाचे प्रकार : पांच कीं सहा ?

जुन्या वैद्यक पोथ्यांची सूची करतांना ‘उन्माद’ या शब्दापुढें आधुनिक मानसरोगशास्त्रांतील एखादें नांव लिहून मोकळें होण्याची प्रवृत्ति मधून मधून दृष्टीस पडते. पित्तोन्माद म्हणजे ‘मेनिया’, कफोन्माद म्हणजे ‘डिप्रेशन’, अशीं समीकरणें मांडलीं जातात. यांतील हेतु स्तुत्य असला तरी ही रीति ग्राह्य नाहीं, असें आमचें मत आहे.

चरकाच्या निदानस्थानाचा सातवा अध्याय पहावा. मन, बुद्धि, संज्ञाज्ञान, स्मृति, भक्ति, शील, चेष्टा व आचार या आठांचा विभ्रम तो उन्माद, अशी तेथें व्याख्या आहे. प्रकार पांच : तीन दोषांचे तीन, सन्निपाताचा चौथा व आगंतु पांचवा. सुश्रुत उत्तरतंत्रांत सहा सांगतो. पहिले चार तेच. पुढें मनोदुःखापासून एक व विषापासून एक. ग्रहबाधेस त्यानें निराळा अध्याय दिला आहे. तेव्हां पांच व सहा हा भेद लेखकप्रमाद नव्हे. कारणांची मांडणीच निराळी आहे. मात्र दोघेही कारणावरून प्रकार पाडतात, कारण चिकित्सा व साध्यासाध्यविचार त्यावरच अवलंबून आहेत.

आधुनिकांचा मार्ग वेगळा. क्रेपेलिन यानें १८९९ सालीं रोगाचा क्रम व परिणाम पाहून दोन मोठे वर्ग वेगळे केले. अमेरिकन मनोवैद्यांच्या ‘डीएसएम’ या ग्रंथाच्या १९८० च्या तिसऱ्या आवृत्तींत बहुतेक ठिकाणीं कारणविचार बुद्ध्या बाजूस ठेवून लक्षणांची गणना स्वीकारली. २०१३ च्या पांचव्या आवृत्तीप्रमाणें ‘मेजर डिप्रेशन’ ठरविण्यास नऊ लक्षणांपैकीं पांच, निदान दोन आठवडे असावीं लागतात. त्यांत उदासपणा अथवा कशांतही गोडी न वाटणें यांपैकीं एक आवश्यक. पण याच आवृत्तीच्या पूर्वपरीक्षेंत या रोगाविषयीं दोन वैद्यांच्या निदानाचा मेळ केवळ ०.२८ भरला, पूर्ण मेळास १ व निव्वळ योगायोगास ० असें तें माप आहे. जें माप स्वतःच इतकें अस्थिर, त्यानें चरकास मोजावयाचें कसें ?

या रीतीनें हानि दोन प्रकारची होते. चिकित्सास्थानाच्या दहाव्या अध्यायावर ‘एपिलेप्सी’ असें लिहिलें कीं, त्या अपस्माराध्यायाच्या शेवटीं असलेला ‘अतत्त्वाभिनिवेश’ नामक महागद सूचींतून नाहींसा होतो. दुसरी हानि याहून गंभीर आहे. सन्निपातोन्माद चरकानें असाध्य म्हटला आहे. त्यावर आजच्या रोगाचें नांव चिकटविलें, तर तो निर्णय आजच्या जिवंत रोग्याच्या माथीं बसतो, व त्याचे आप्त आशा सोडतात. पोथीवाचकानें हें पाप पदरीं घेऊं नये.

म्हणून सूचींत ग्रंथांतील मूळ शब्द, प्रकारसंख्या व अध्याय हींच नोंदावीं. आधुनिक नांव सुचवावयाचेंच झाल्यास तें वेगळ्या रकान्यांत, कोणत्या सालच्या कोणत्या आवृत्तीवरून घेतलें हें सांगून द्यावें. संग्राहकांनीं याचा विचार करावा, इतकीच विनंति.