नाव नसलेला दोष : मलवाहिनीच्या परिभाषेचे एक परीक्षण

परिभाषेचे परीक्षण करताना आपण बहुधा दोनच प्रश्न विचारतो. शब्द शुद्ध आहे काय, आणि तो सुबोध आहे काय? १९६० साली भाषा संचालनालयाची स्थापना झाली तेव्हापासून मराठीतील परिभाषेचा वाद याच दोन प्रश्नांभोवती फिरत राहिला आहे. एका पक्षाने संस्कृतनिष्ठ शब्दांची दुर्बोधता दाखवावयाची, दुसऱ्याने इंग्रजी शब्दांच्या गर्दीवर बोट ठेवावयाचे, असा हा क्रम आहे. तिसरा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. ज्या व्यवहारासाठी ही परिभाषा घडविली, त्या व्यवहारातील धोका तिला सांगता येतो काय? प्रस्तुत लेखात हा प्रश्न एका नाक मुरडावे अशा विषयाच्या आधारे विचारावयाचा आहे. तो विषय म्हणजे मलवाहिन्यांची तपासणी, आणि तीत आढळू शकणारी, चुकून आरपार गेलेली गॅसची नळी.

प्रथम दोषाचे स्वरूप पाहू. शहरात गॅसची नळी टाकताना हल्ली सर्वत्र चर खणीत नाहीत. यंत्राने जमिनीखाली आडवे छिद्र पाडावयाचे आणि त्यातून प्लॅस्टिकची नळी ओढून घ्यावयाची, अशी रीत आहे. रस्ता फोडावा लागत नाही, हा तिचा मोठा गुण. परंतु छिद्र पाडणाऱ्यास जमिनीखालचे डोळ्यांनी दिसत नाही. घरापासून मुख्य मलवाहिनीपर्यंत जाणारी शाखा नकाशावर नसेल, तर यंत्र तिच्या भाजक्या मातीच्या भिंती सहज भेदून पलीकडे निघते आणि गॅसची नळी मलवाहिनीच्या पोकळीतून आडवी जाऊन बसते. त्या क्षणी काहीच घडत नाही. गॅस गळत नाही, पाणी तुंबत नाही. काही महिन्यांनी वा वर्षांनी त्या नळीला कचरा अडकतो आणि मलवाहिनी तुंबते. मग सफाईसाठी सळया किंवा फिरते पाते आत जाते, नळी कापली जाते, आणि गॅस त्याच मार्गाने घरात शिरतो. १९७६ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात केनोशा येथे याच प्रकाराने एका घराचा स्फोट होऊन दोघांचा मृत्यू झाला. तेथील चौकशीत ही कारणपरंपरा उघड झाली. इंग्रजीत आज या दोषाला 'क्रॉस बोअर' असे सुटसुटीत नाव आहे, आणि तो शोधून काढणे हा मलवाहिनीच्या तपासणीचा एक स्वतंत्र हेतू मानला जातो. मराठीत त्याला रूढ नाव नाही.

नाव का नाही, हे समजण्यासाठी नाव कशाला आहे ते पाहिले पाहिजे. जळगाव जामोदसारख्या सातपुड्याच्या पायथ्याच्या गावी रस्त्याकडेने वाहते ती 'नाली'. पुण्यामुंबईकडे तिला गटार म्हणतात. नागपुराकडे झाकलेल्या भूमिगत मार्गाला 'गडर' हा शब्द चालतो. तो इंग्रजी शब्दाचेच वऱ्हाड-नागपुरी उच्चारात मुरलेले रूप होय. 'नाली' मात्र जुना आहे. संस्कृतात नाल, नाली म्हणजे पोकळ देठ, आणि प्रणाली म्हणजे पाण्याची वाट. त्याच प्रणालीला आपण आज 'व्यवस्था' या अमूर्त अर्थाने वापरतो, हा अर्थबदल मोठा बोलका आहे. बोलीतील नाली तुंबते, बुजते, फुटते, उपसली जाते. तिच्याभोवती क्रियापदांचा गोतावळा आहे, कारण लोक तिच्याकडे रोज पाहतात.

कार्यालयात गेल्यावर हीच नाली 'भूमिगत मलनिःसारण वाहिनी' होते. हा शब्द अशुद्ध नाही, आणि थोड्या सवयीने सुबोधही होतो. त्याची उणीव वेगळी आहे. त्याच्यासोबत क्रियापदे येत नाहीत. 'मलनिःसारण वाहिनीचे काम प्रगतिपथावर आहे', 'मलनिःसारण वाहिनीची देखभाल करण्यात येते' अशा वाक्यांत वाहिनीला काही होत नाही; तिच्याविषयी काही करण्यात येते, एवढेच. योजनेची परिभाषा योजनेच्या वस्तूंना नावे देते, वस्तूंच्या दुखण्यांना देत नाही. वैद्यकाने अवयवांची नावे शिकवावीत आणि रोगांची गाळावीत, तसा हा प्रकार आहे.

'मॅनहोल'साठी घडविलेला 'मनुष्यप्रवेशिका' हा शब्द पाहा. भाषांतर काटेकोर आहे. पण भाषांतराबरोबर एक गृहीतही मराठीत आले. हे दार माणसाने आत जाण्यासाठी आहे, असे तो शब्द सांगतो. २०१३ च्या कायद्याने संरक्षक साधनांशिवाय माणसास गटारात उतरविण्यास प्रतिबंध केला. १ फेब्रुवारी २०२३ रोजी केंद्रीय अर्थसंकल्पात 'मॅनहोल'कडून 'मशीनहोल'कडे जाण्याची घोषणा झाली. इंग्रजीत निदान शब्दावर घाला घालावासा वाटला. मराठीतील प्रवेशिका अद्याप मनुष्याचीच आहे.

वृत्तपत्रांच्या भाषेत हा प्रश्न अधिक तीव्र होतो. गटारातील मृत्यूची बातमी बहुधा एका ठरीव वाक्याने दिली जाते : 'सफाईसाठी उतरलेल्या कामगाराचा विषारी वायूमुळे गुदमरून मृत्यू.' या वाक्यातील दोन पदे विचारात घेण्यासारखी आहेत. पहिले पद 'उतरलेल्या'. मराठीत उतरणे आणि उतरविणे असा भेद क्रियापदाच्या रूपातच आहे. प्रयोजक रूप वापरले की उतरविणारा कोण, हा प्रश्न टळत नाही. बातमीदार जवळजवळ नेहमी साधे रूप निवडतो, आणि मृत मनुष्य जणू आपल्या इच्छेने खाली गेला असे चित्र उभे राहते. भाषेत साधन आहे, ते वापरले जात नाही. हा दोष भाषेचा म्हणता येणार नाही. तो लेखनरूढीचा आहे.

दुसरे पद 'विषारी वायू'. गटारात हायड्रोजन सल्फाइड असतो आणि तो खरोखर विषारी आहे. पण तेथे मिथेनही असतो, आणि नळीने घरोघर येणारा नैसर्गिक वायू प्रामुख्याने मिथेनच असतो. तो विषारी नाही. तो प्राणवायूची जागा घेतो आणि ठिणगी मिळाली तर भडकतो. त्याला स्वतःचा गंध नसतो, म्हणून त्यात उग्र वासाचे द्रव्य मिसळतात. मलवाहिनीच्या दुर्गंधीत तो वास वेगळा ओळखू येईलच असे नाही. अशा स्थितीत एखाद्या अपघातामागे कापलेली गॅसनळी असली, तरी 'विषारी वायू' या पदाने तिची चौकशी सुरू होण्याआधीच संपते. कारण सांगितल्याचे समाधान मिळते, आणि कारण मात्र सांगितलेले नसते.

या रूढीच्या उलट टोकाचे उदाहरण कलाकृतीत सापडते. चैतन्य ताम्हाणे यांच्या २०१४ सालच्या 'कोर्ट' या चित्रपटात मृत सफाई कामगाराची पत्नी न्यायालयात सांगते की, आत उतरण्यापूर्वी तो खडा टाकून झुरळे बाहेर येतात काय ते पाहत असे. झुरळ जिवंत, तर आत हवा आहे. ही तपासणीच आहे, आणि ती करणाऱ्याच्या जिवावर बेतलेली आहे. परंतु तपासणीच्या अधिकृत शब्दसंग्रहात तिला स्थान नाही, कारण तो शब्दसंग्रह काठावर उभ्या असलेल्यांनी घडविला आहे.

आता 'तपासणी' या शब्दाकडेच वळू. पाहणी, तपासणी आणि परीक्षण हे तीन शब्द कार्यालयीन मराठीत बरेचदा एकमेकांच्या जागी वापरले जातात. वस्तुतः पाहणीत जे दिसेल ते पाहावयाचे असते. तपासणीत काय शोधावयाचे ते आधी ठरलेले असते. मलवाहिनीत कॅमेरा सोडला म्हणजे तपासणी झाली, असे नव्हे. कॅमेऱ्यापुढे आडवी आलेली पिवळी नळी पाहून नोंद करणाऱ्याने 'अडथळा' एवढेच लिहिले, तर पुढचा मनुष्य तो अडथळा काढावयास पाते घेऊन येणार. म्हणजे नोंद झाली, आणि त्या नोंदीनेच अपघाताची वाट मोकळी केली. 'अडथळा' आणि 'आरपार गेलेली गॅसनळी' या दोन नोंदींमध्ये एका जिवाचे अंतर असू शकते.

येथे एक आक्षेप संभवतो. शब्द दिल्याने नळी बाहेर निघत नाही. नकाशे, कॅमेरे आणि पैसा असेल तर नावाची उणीव भासत नाही. हा आक्षेप निम्मा खरा आहे. नकाशाचे काम शब्द करू शकत नाही. पण नकाशे व साधने यांची मागणीही शब्दांतूनच होते. २०२३ च्या मार्चमध्ये केंद्र शासनाने 'कॉल बिफोर यू डिग' हे ॲप सुरू केले. खणण्यापूर्वी विचारा, हा त्याचा उपदेश योग्यच आहे. तो भविष्यातील हानी टाळण्यासाठी आहे. आधीच घडून गेलेल्या, मुकाट्याने वाट पाहणाऱ्या दोषाचा शोध त्याने लागत नाही. 'गळती', 'फूट', 'स्फोट' हे घटनांचे शब्द आपल्याजवळ भरपूर आहेत. घटना घडण्यापूर्वीच्या स्थितीचा शब्द नाही, आणि नोंदवहीतील रकाना शब्दावाचून आखता येत नाही.

कर्त्याचा प्रश्नही येथे सरळ नाही, हे मान्य केले पाहिजे. 'नळी आरपार गेली' हे अकर्तृक वाक्य कामगाराच्या 'उतरण्या'इतके अप्रामाणिक नाही. नळी टाकणाऱ्याचा तसा हेतू नव्हता आणि त्याला ते कळलेही नव्हते. तथापि काम संपल्यावर लगतच्या मलवाहिन्या पाहून खातरजमा करणे शक्य होते. म्हणून वाक्य दुहेरी हवे : नळी आरपार गेली, आणि ते कोणी पाहिले नाही.

नाव कोणते असावे? प्रस्तुत लेखकास 'आरपार नळी' हा शब्द पुरेसा वाटतो. अलीकडचा काठ आणि पलीकडचा काठ या अर्थाच्या 'अवार-पार' या जुन्या जोडीशी 'आरपार'चे नाते लावता येते. व्युत्पत्ती बाजूस ठेवली, तरी जळगाव जामोदच्या बाजारात हा शब्द समजावून सांगावा लागणार नाही. नालीतून आरपार गेलेली गॅसची नळी म्हटले की सफाई करणाऱ्याच्या हातातली सळई आपोआप थांबेल, आणि परिभाषेची कसोटी हीच मानली पाहिजे. 'मलनिःसारण वाहिनी-छेदक वायुनलिका' असा समास घडविला, तर तो कोशात शोभेल आणि नालीच्या काठावर निरुपयोगी ठरेल.

पेट्रोलियम व नैसर्गिक वायू नियामक मंडळाने नगर गॅस वितरणासाठी आखलेल्या क्षेत्रांत आता देशाची जवळजवळ सर्व मुख्य भूमी आली आहे. वऱ्हाडातील तालुक्याच्या गावी गॅस म्हटल्यावर अजून सिलिंडरच डोळ्यांपुढे येतो. तो अर्थ बदलण्याचा दिवस फार दूर नाही. भूमिगत गटारे आणि गॅसच्या नळ्या जेथे एकाच अरुंद गल्लीखालून जातील, तेथे त्यांची गाठ पडण्याची शक्यताही राहील. तत्पूर्वी नगरपरिषदेच्या नोंदवहीत एक रकाना आणि त्या रकान्याला एक समजणारे नाव असावे, एवढीच मागणी आहे. आपल्या विभागातील पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी परिभाषाकोशांचे परीक्षण करताना शब्दांची शुद्धता अवश्य पाहावी. पण त्या शब्दांवर विसंबून कोण खाली उतरणार आहे, हेही विचारावे.