डायनासोर आणि शहाबादी फरशी : बालशिक्षणातील एका लोकप्रिय उपक्रमाची चिकित्सा

पूर्व-प्राथमिक वर्गांत ‘डायनासोर’ हा विषय आता चांगलाच रुळला आहे. नर्सरीच्या वार्षिक नियोजनात फळे, भाज्या, वाहने यांच्या जोडीला डायनासोर सप्ताह येतो. सोमवारी चित्र रंगवायचे, मंगळवारी कागदी अंडी मोजायची, बुधवारी इंग्रजी बडबडगीत, गुरुवारी पुठ्ठ्याचा मुखवटा, शुक्रवारी मातीकाम आणि शनिवारी पालकांसाठी छायाचित्रे. चित्रकला, गणित, भाषा, संगीत, हस्तव्यवसाय असे सगळे विषय एका सूत्रात ओवले गेले म्हणून या पद्धतीस समन्वित किंवा आंतरविषयक अध्यापन म्हटले जाते. बालवाडी शिक्षिकांच्या प्रशिक्षणात तिचा आवर्जून पुरस्कार केला जातो आणि तत्त्वतः तो योग्यही आहे. चार-पाच वर्षांच्या मुलाच्या मनात विषयांचे कप्पे नसतात, हे मान्य करूनच पुढील चिकित्सा केली आहे.

या सप्ताहाला एक साधी कसोटी लावून पाहता येते. डायनासोरच्या जागी हत्ती ठेवला तर आठवड्यात काय बदलेल? हत्ती रंगवता येतो, हत्तीचे गाणे म्हणता येते, हत्तीचा मुखवटा करता येतो. फक्त अंड्यांचा मंगळवार अडेल. याचा अर्थ असा की सर्व विषयांना स्पर्श झाला, परंतु ज्याच्या नावाने आठवडा साजरा झाला तो विषय वर्गात आलाच नाही. समन्वय झाला तो सजावटीचा.

हत्ती मुलाने पाहिलेला असतो, निदान पाहिलेल्या माणसाकडून ऐकलेला असतो. डायनासोर कोणत्याही माणसाने पाहिलेला नाही. तो दगडातून कळतो; हाड, अंडे, पाऊलठसा, शेण यांच्या दगड झालेल्या अवशेषांतून. म्हणून डायनासोर शिकवणे म्हणजे एका प्राण्याची माहिती देणे एवढेच नसून ‘न पाहिलेली गोष्ट माणसाला कळते कशी’ आणि ‘फार पूर्वी म्हणजे किती पूर्वी’ हे दोन प्रश्न लहान मुलापुढे पहिल्यांदा ठेवणे होय. हे प्रश्न वगळले तर उरतो तो एक हिरवा, दातांचा, गुरगुरणारा बाहुला.

हा बाहुलाही बाहेरून आलेला आहे. बाजारात मिळणाऱ्या तक्त्यांवर बहुधा टिरॅनोसॉरस आणि स्टेगोसॉरस शेजारी शेजारी उभे असतात, मागे ज्वालामुखी धुमसत असतो आणि काही तक्त्यांवर तर गुहेतला माणूसही असतो. वस्तुतः हे दोन्ही प्राणी उत्तर अमेरिकेतून प्रसिद्धीस आले आणि त्यांच्यामध्ये सुमारे आठ कोटी वर्षांचे अंतर आहे. टिरॅनोसॉरस काळाच्या दृष्टीने स्टेगोसॉरसपेक्षा आपल्याला अधिक जवळचा आहे! १९९३ चा ‘जुरासिक पार्क’ हा चित्रपट १९९४ मध्ये हिंदीत आला, तेव्हापासून आपल्याकडच्या मुलांची डायनासोरविषयीची कल्पना पडद्यावरूनच घडत आली आहे. त्याच टिरॅनोसॉरसच्या काळात नर्मदेच्या परिसरात वावरणारा राजासॉरस २००३ मध्ये जगापुढे आला, पण आपल्या तक्त्यांवर त्याला अद्याप जागा नाही.

गुलबर्ग्याच्या नावाने कोणताही डायनासोर प्रसिद्ध नाही, हे येथील शिक्षिकेची अडचण वाटू शकेल. परंतु विषयाच्या गाभ्याकडे, म्हणजे दगड आणि काळ यांच्याकडे वळले, तर हा जिल्हा आणि शेजारचा बिदर यांच्याइतकी सोयीची जागा शोधून सापडणार नाही.

वर्गातली मुले ज्या फरशीवर बसतात ती बहुतेक ठिकाणी शहाबादी असते. महाराष्ट्रभर ओटे, अंगणे आणि मोऱ्या या फरशीने बांधल्या गेल्या. हा चुनखडक भीमा खोऱ्यातील प्राचीन समुद्रतळावर साचलेल्या थरांचा असून तो पन्नास कोटी वर्षांहून कितीतरी जुना आहे. डायनासोर पृथ्वीवर आले ते सुमारे २३ कोटी वर्षांपूर्वी. म्हणजे शहाबाद, चित्तापूर, सेडमची फरशी डायनासोरांच्या आधीची. आळंद, चिंचोळीकडे मात्र काळा दगड आणि त्याच्यापासून झालेली काळी माती दिसते. तो लाव्हा थंड होऊन बनलेला बेसाल्ट, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा. डायनासोर नाहीसे झाले त्याच सुमाराचा. या लाव्ह्याचे थर आजही पाच लाख चौरस किलोमीटरच्या आसपास प्रदेशावर पसरलेले आहेत. डायनासोरांचा अंत मेक्सिकोच्या किनाऱ्यावर आदळलेल्या अशनीमुळे झाला, त्यात दख्खनच्या या लाव्ह्याचा वाटा किती, हा वाद शास्त्रज्ञांमध्ये अजून चालू आहे. आणि त्या वादाचा एक पक्षकार आपल्या शेताच्या बांधावर पडलेला असतो. तिसरा दगड बिदरचा लाल जांभा. काळ्या दगडाची झीज होऊन, त्याच्या माथ्यावर, नंतर तयार झालेला. बिदरच्या किल्ल्यात तो दिसतो आणि तेथील कारेझही याच जांभ्यात खोदलेले आहेत.

करडा, काळा, लाल. आधीचा, वेळेचा, नंतरचा. तीन दगड तीन पाट्यांवर ठेवले की पाच वर्षांचे मूल त्यांचा क्रम लावू शकते. फरशीचा खरवडलेला भुगा लिंबाच्या रसात टाकला की बारीक बुडबुडे येतात, काळ्या दगडाच्या भुग्याला येत नाहीत, हेही त्याला पाहता येते. मग एक प्रश्न विचारता येतो: फरशीत कितीही खणले तरी डायनासोर का सापडणार नाही? या प्रश्नाचे उत्तर मुलाने आपल्या शब्दांत दिले, तर त्या आठवड्यात विज्ञान शिकवले गेले असे म्हणता येईल.

काळ्या दगडाच्या दोन थरांमध्ये कधी कधी जुन्या तळ्यांचा गाळ सापडतो. लाव्ह्याचा एक लोट थंडावल्यानंतर पुढचा येईपर्यंत त्या जागी पाणी साचत असे आणि जीव नांदत असत. पूर्वी गुलबर्गा जिल्ह्यात असलेल्या व २००९ अखेरपासून यादगीर जिल्ह्यात गेलेल्या गुरमटकल परिसरातील अशा थरांमधून गोड्या पाण्यातील सूक्ष्म शिंपलेधारी जीवांचे अवशेष अभ्यासले गेले आहेत. हे जीव ज्वारीच्या दाण्यापेक्षाही लहान असतात. लाव्ह्याच्या त्या युगाने या भागात ठेवलेली ही खूण तक्त्यावर शोभणार नाही, पण बालमनाला राक्षसाइतकीच सूक्ष्माचीही ओढ असते.

कोटी ही संख्या मुलाला कळत नाही, हा आक्षेप रास्त आहे. मोठ्यांनाही ती फारशी कळत नाही. येथे या भागातील तूर उपयोगी पडते. अख्ख्या तुरीचा एक दाणा म्हणजे एक लाख वर्षे असे धरले, तर माणसाची जात तीन दाण्यांची. डायनासोर संपले त्याला ६६० दाणे, म्हणजे जेमतेम ओंजळभर. ते सुरू झाले त्याला २३०० दाणे, म्हणजे पाव किलोच्या आतबाहेर. शहाबादच्या फरशीला पाच हजारांहून जास्त, अर्धा किलो घेतली तरी कमीच. १३४७ मध्ये स्थापन झालेली बहमनी सल्तनत आणि तिची राजधानी गुलबर्गा यांचा सगळा इतिहास एका दाण्याच्या दीडशेव्या भागात बसतो. मुलांनी दाणे मोजायचे नाहीत. तागडीत घालून पाहायचे. एका पारड्यात तीन दाणे आणि दुसऱ्यात तुरीचा ढीग हे दृश्य गणित, विज्ञान आणि इतिहास यांचा समन्वय साधते. त्यासाठी वेगळे गाणे लागत नाही. नंतर ती तूर पोषण आहाराच्या भांड्यात जाऊ शकते.

भाषेच्या अंगाने पाहिले तर सीमाभागातील वर्ग विशेष श्रीमंत आहे. घरात दखनी, गल्लीत कन्नड, शाळेत मराठी किंवा उर्दू अशी मुलांची स्थिती असते आणि बहुतेक वेळा ती उणीव समजली जाते. गोदावरीच्या खोऱ्यात, त्या वेळच्या आदिलाबाद जिल्ह्यात सापडलेल्या एका प्रचंड शाकाहारी डायनासोरचे नाव १९७५ मध्ये ‘बारापासॉरस टागोरी’ ठेवले गेले. ‘बडा पा’ म्हणजे मोठा पाय. आणि अवशेष रवींद्रनाथ टागोरांच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, १९६१ मध्ये हाती आले म्हणून टागोरी. शास्त्रीय नाव म्हणजे परकीय, अवघड काहीतरी असते हा समज हे एक नाव दूर करते. दखनीत बडा पाँव, मराठीत मोठा पाय, कन्नडमध्ये दोड्ड कालु. तिन्ही घरांतली मुले आपापला डायनासोर तयार करू शकतात. त्याची लांबी सुमारे १४ मीटर मानली जाते. तेवढी दोरी अंगणात पसरली आणि तिच्यावर किती मुले आडवी झोपतात हे पाहिले, तर वर्गाची खोली अपुरी पडते हे मुलांना न सांगता कळते.

मुलांना सर्वांत जास्त काय आवडेल हे मात्र चंद्रपूर जिल्ह्यातील पिसदुरा या गावाने ठरवून टाकले आहे. तेथे डायनासोरांचे दगड झालेले शेण मिळते. २००५ मध्ये या शेणातील सूक्ष्म सिलिकाकणांचा अभ्यास प्रसिद्ध झाला आणि त्यात गवताचे कण आढळले. तोवर डायनासोरांच्या काळात गवत नव्हते असाच समज होता. पुस्तकातले चित्र बदलावे लागले ते शेणामुळे! ज्या घरात म्हैस आहे तेथील मूल वाळलेली गोवरी मोडून तिच्यातली काडी दाखवू शकते. ‘म्हशीने काय खाल्ले?’ या प्रश्नापासून ‘डायनासोरने काय खाल्ले?’ या प्रश्नापर्यंतचे अंतर फार नाही. शहरी पालक याला हसतील, पण पुठ्ठ्याच्या मुखवट्यापेक्षा या काडीत शिक्षण अधिक आहे.

मुस्लिम व्यवस्थापनाच्या शाळांतून आणखी एक अडचण येते आणि तिच्याविषयी मोकळेपणाने लिहिले जात नाही. काही कुटुंबांना सजीवांच्या आकृती काढणे व घडवणे मान्य नसते. यावर हजरत आयेशा (र.) यांच्या खेळण्यांचा दाखला देऊन अनेक फकिहांनी मुलांच्या खेळण्यांना सवलत दिली आहे, असे उत्तर देता येते, पण शिक्षिकेने फतव्यांच्या चर्चेत शिरण्याचे कारण नाही. या विषयात प्राण्याची आकृती मुळात गौण आहे. ओल्या मातीत कोंबडी चालवली की तिच्या तीन बोटांचा ठसा उमटतो, वाळतो आणि टिकतो. कोंबडी निघून जाते. पाऊलठशाचा अवशेष कसा बनतो हे त्यातून समजते, शिवाय पक्षी हे डायनासोरांच्याच एका शाखेचे वंशज आहेत ही गोष्ट पुढे कधीतरी सांगण्यास जागा राहते. अंडीही घडवता येतात. मध्य प्रदेशातील धार जिल्ह्यात ९२ घरटी आणि २५६ अंडी सापडल्याचे २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. गुजरातेतील रैयोलीचे क्षेत्र जपण्यासाठी झटणाऱ्या, बालासिनोरच्या पूर्वीच्या नवाब घराण्यातील आलिया सुलताना बाबी यांना गावातील एक वृद्धा डायनासोरच्या अंड्याने मसाला वाटताना दिसली, असे त्यांच्या मुलाखतींतून प्रसिद्ध आहे. वरवंटा आणि अंडे यांतला फरक कसा ओळखायचा, हा प्रश्न त्या गोष्टीतूनच निघतो. मुस्लिम मुलींच्या वर्गात ही गोष्ट सांगण्याचे वेगळे मोलही आहे.

‘जे धर्मग्रंथात नाही ते इतक्या लहान मुलांना कशाला?’ असे विचारणाऱ्या पालकालाही परंपरेतूनच उत्तर मिळते. प्राणी व वनस्पती दगड कशा बनतात याची चर्चा इब्न सिनाने अकराव्या शतकात केली. अल्-बिरुनीने हिंदुस्थानावरील ग्रंथात नदीतील गोल गोट्यांकडे लक्ष वेधले: डोंगराजवळ मोठे, पुढे लहान, समुद्राकडे वाळू, त्यावरून हा मैदानी प्रदेश एके काळी समुद्र असावा असा तर्क त्याने केला. कागिण्याच्या पात्रातून आणलेले गोटे लहान-मोठे लावण्याचा खेळ बालवाडीत नेहमीच असतो. तो नुसता ‘लहान-मोठे’ या संकल्पनेसाठी घेतला जातो, एवढेच.

येथे मांडलेल्या कल्पनांत नवे फार थोडे आहे. १९४५ मध्ये बोर्डीला काम सुरू करताना ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी महागड्या माँटेसोरी साहित्याच्या जागी शिंपले, खडे, बिया, पाने आणली. राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा २००५ ने परिसराशी ज्ञान जोडण्यास सांगितले आणि २०२२ च्या पायाभूत स्तराच्या आराखड्यानेही स्थानिक साहित्य व खेळ यांवर भर दिला. तरी नर्सरीत छापील तक्ताच पोहोचतो, कारण तो तयार मिळतो आणि छायाचित्रात चांगला दिसतो. पुढील इयत्तांमध्ये ही उणीव भरून निघेल असे म्हणण्यासही आधार उरलेला नाही; राष्ट्रीय परिषदेच्या दहावीच्या विज्ञान पुस्तकातील उत्क्रांतीचा भाग २०२३ च्या आवृत्तीत वगळला गेला.

एक मर्यादा मान्य करावी लागते. तीन वर्षांच्या मुलाला क्रम आणि पुरावा यांत रस नसतो. त्याला गुरगुरायचेच असते आणि त्याने गुरगुरावे. वरील उपक्रम बालवाडीच्या शेवटच्या वर्षासाठी आणि पहिलीसाठी योग्य आहेत. शिक्षिकेकडूनही त्यांना जास्त तयारी लागते. मूल विचारील, ‘डायनासोरचा रंग कोणता होता?’ येथे हिरवा खडू पुढे करणे सोपे असते. काही मोजक्या जातींच्या पिसांच्या अवशेषांवरून रंगांचा अंदाज बांधता आला आहे, बाकी बहुतेकांचा रंग कोणालाच माहीत नाही, हे सांगणे कठीण जाते, कारण प्रशिक्षणात ‘माहीत नाही’ या उत्तराला गुण मिळत नाहीत.

कम्युनिटी कॉलेजच्या बालशिक्षण अभ्यासक्रमांतून गुण कशाला मिळतात, हेही पाहिले पाहिजे. प्रात्यक्षिकात साहित्यनिर्मितीवर भर असतो आणि थर्माकोल, चकाकी कागद, रंगसंगती यांवर परीक्षकाची नजर प्रथम जाते. तीन दगड आणि पाव किलो तूर टेबलावर मांडणारी प्रशिक्षणार्थी तेथे मागे पडते. निदान एका प्रात्यक्षिकात तयार तक्ता व बाहुला यांना मनाई करून, मुलांनी विचारलेले प्रश्न जसेच्या तसे वहीत उतरवून आणण्यास गुण ठेवता येतील. सहलीसाठी जिल्हा विज्ञान केंद्र गुलबर्ग्यातच आहे, आणि हैदराबादच्या बिर्ला विज्ञान संग्रहालयात आदिलाबादच्या मातीतून निघालेल्या कोटासॉरसचा सांगाडा उभा आहे. आधी तूर तोललेली असेल, तर मुलांना तो सांगाडा नुसता मोठा वाटण्याऐवजी जुना वाटेल.